नकाशा, थ्रीडी चित्रं आणि घरातली ज्येष्ठ मंडळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईत १९७०-८० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या कितीतरी सोसायट्या आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. तेव्हा तिशीत कर्जाचे हप्ते फेडणारे सभासद आज सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि नव्या इमारतीच्या नकाशावर सही त्यांचीच लागते. सभेत प्रोजेक्टरवर नकाशा झळकतो, कुणीतरी ‘समजलं ना सगळ्यांना?’ म्हणतं, माना डोलतात, आणि चहा येतो. आर्किटेक्ट म्हणून अशा सभांमध्ये बसताना जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही ज्येष्ठांचे आहेत, बरेचसे त्यांच्या मुला-सुनांचे.

बाबांना नकाशा कळत नाही. वयाचा परिणाम म्हणायचा का?

थोडा वयाचा, जास्त सवयीचा. सपाट कागदावरची आकृती मनात उभी करून फिरवून पाहायला वाढत्या वयात वेळ जास्त लागतो, हे खरं. पण जन्मभर बँकेत किंवा शाळेत नोकरी केलेल्या माणसाला घराचा नकाशा वाचायची वेळच कधी आलेली नसते. त्यांच्या तिशीतल्या नातवाला तरी कुठे वाचता येतो? तो फक्त ‘हो हो, कळलं’ आत्मविश्वासाने म्हणतो.

घर वापरायचं कसं हे मात्र ज्येष्ठांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. एका सभेत ड्राय बाल्कनीवर चर्चा चालली होती. वॉशिंग मशीनचा पॉइंट, पाण्याचा नळ, जाळी, सगळं झालं. मग मागच्या खुर्चीवरच्या एका आजींनी विचारलं, ‘साडी कुठे वाळत घालायची?’ पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब. चौपदरी घातली तरी साडेचार फुटांची दांडी हवी. बाल्कनीची लांबी होती चार फूट, त्यात मशीन. नकाशा महिनाभर टेबलावर होता आणि हे आमच्यापैकी कुणालाही दिसलं नव्हतं. आजींना नकाशातली एक रेघही वाचता येत नव्हती. त्यांनी फक्त बाल्कनी किती फुटांची हे विचारून घेतलं होतं.

आईला प्लॅन कळत नाही, थ्रीडी चित्र लगेच कळतं. मग तेच दाखवलं तर?

दाखवा, पण त्यावरून काहीही ठरवू नका. माझ्या मते सगळ्या कागदांत सर्वांत कमी विश्वास थ्रीडी चित्रावर ठेवावा आणि सर्वांत जास्त मापं लिहिलेल्या साध्या प्लॅनवर. घडतं नेमकं उलटं, कारण चित्र ‘कळतं’.

ते चित्र तयार कसं होतं ते पाहा. दहा बाय बाराच्या खोलीत उभं राहून तुम्हाला एका नजरेत अख्खी खोली कधीच दिसत नाही. चित्रात दिसते, कारण संगणकातला कॅमेरा बऱ्याचदा भिंतीच्या बाहेर ठेवलेला असतो आणि ती भिंत लपवलेली असते. त्याला रुंद कोनाची लेन्स लावली की समोरची भिंत लांब जाते आणि खोली ऐसपैस वाटते. सोफा बेताच्या मापाचा निवडलेला असतो. गोदरेजचं कपाट नसतं, औषधांचा डबा ठेवायचं टेबल नसतं, गाद्यांची वळकटी नसते, पंख्याची वायर नसते. उत्तरेच्या खिडकीतून भरपूर ऊन आत आलेलं असतं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘काल्पनिक चित्र’ अशा अर्थाची ओळ असते, जी चष्मा लावूनही वाचता येत नाही.

हे चित्र एका कामाला उत्तम आहे: रंग, फरशीचा पोत, दिव्यांची जागा, खिडकीला ग्रिल कशी दिसेल. तेवढ्यापुरतं वापरा. खोली पुरेल का, पलंग बसेल का, रात्री उठून जाता येईल का, यांची उत्तरं त्यात नाहीत.

प्लॅनमध्ये आपण नेमकं काय पाहत असतो?

जमिनीपासून साधारण चार फुटांवर अख्खं घर आडवं कापलं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि वरून खाली पाहिलं, तर जे दिसेल ते. एवढं एक वाक्य नीट समजलं की निम्मं काम झालं. कापलेल्या भिंती जाड दिसतात. खिडक्या त्या उंचीवर येतात म्हणून भिंतीत दोन-तीन बारीक समांतर रेघांनी दिसतात. ओटा आणि पलंग कापण्याच्या रेषेच्या खाली राहतात, म्हणून त्यांची नुसती बाह्यरेषा. माळा आणि तुळई वर राहतात, म्हणून त्या तुटक रेघेने दाखवतात. ‘हॉलच्या मधोमध ही तुटक रेघ कसली, इथे भिंत येणार का?’ असं बरेच जण घाबरून विचारतात. तिथे बहुतेक वेळा वर तुळई असते.

आणखी कोणती चिन्हं ओळखता यायला हवीत?

फार नाहीत. पाव वर्तुळाची कमान म्हणजे दार. कमान ज्या बाजूला, त्या बाजूला दार उघडणार, आणि तेवढी जागा कायम मोकळी ठेवावी लागणार. काळे भरलेले चौकोन म्हणजे कॉलम, ते हलत नाहीत. फुली मारलेला चौकोन बहुतेक वेळा डक्ट, म्हणजे पाइप वर-खाली नेण्याची उभी पोकळी. जिन्यावरचा बाण चढण्याची दिशा दाखवतो. ‘-५०’ सारखा आकडा दिसला तर तिथली जमीन ५० मिलीमीटर, म्हणजे दोन इंच, खाली आहे; पाय अडखळण्याची जागा हीच, म्हणून त्याला लाल गोल करा. महापालिकेला सादर होणाऱ्या नकाशांत नवं बांधकाम लाल रंगात आणि पाडायचं पिवळ्या रंगात दाखवण्याची पद्धत आहे.

सगळी मापं मिलीमीटरमध्ये. आम्हाला फूट कळतात. काय करायचं?

फूट लिहून मागा. आर्किटेक्टच्या संगणकात ते दोन मिनिटांचं काम आहे, त्यात संकोच कसला? तोवर एवढं लक्षात ठेवा: ३०० मिमी म्हणजे जवळपास एक फूट. ३००० बाय ३६०० ची खोली म्हणजे दहा बाय बारा, पण किंचित कमी. ‘किंचित’ किती? दहा बाय बारा म्हणजे १२० चौरस फूट. ३००० बाय ३६०० म्हणजे १०.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ११६. शिवाय नकाशातली मापं प्लास्टरच्या आधीची असली तर गिलावा झाल्यावर इंचभर आणखी जातं. बाथरूममध्ये टाइल्समुळे त्याहून थोडं जास्त. कपाट भिंतींच्या मधोमध चपखल बसवायचं ठरवलं असेल तर हा इंचच आडवा येतो.

जुन्या करारात ५५० बिल्टअप आहे, नव्यात ५०० कारपेट म्हणतात. घर लहान झालं का?

दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, त्यांची थेट वजाबाकी करू नका. बिल्टअपमध्ये बाहेरच्या भिंतींची जाडीही धरलेली असते. रेराच्या, म्हणजे घरबांधणी व्यवसायाच्या नियमनाच्या, २०१६ च्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कारपेटमध्ये बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमची बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाही. घरातल्या आतल्या भिंतींची जागा मात्र येते. त्यामुळे जास्त खोल्या पाडल्या की कारपेटचा आकडा तोच राहतो आणि पावलाखालची जागा घटते. आधी तुमच्या सध्याच्या घराचं कारपेट स्वतः टेपने मोजा, मग नव्याशी ताडून पाहा. ‘एवढे टक्के वाढीव’ हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कशाच्या वाढीव?

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ मोठी करून पाहिली तरी काही लागत नाही.

लागणार नाही. मूळ नकाशा ए१ कागदासाठी काढलेला असतो. तोच ए४ वर छापला की सगळं जवळपास तिपटीने लहान होतं. तीन मिलीमीटरचं अक्षर एक मिलीमीटरचं होतं. मोबाइलवर दोन बोटांनी मोठं केलं की अक्षर दिसतं, पण आपण घरात कुठे आहोत हे हरवतं.

अख्ख्या मजल्याचा नकाशा नको. फक्त आपल्या फ्लॅटचा, १:२५ प्रमाणात (कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे घरातले पंचवीस), ए३ कागदावर मागा. सात बाय सात मीटरचा, म्हणजे सव्वापाचशे चौरस फुटांच्या आसपासचा फ्लॅट त्या प्रमाणात २८ सेंटिमीटर होतो आणि ए३ वर बरोबर मावतो. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवायला झेरॉक्सवाल्याला सांगा, नाहीतर प्रमाण बिघडतं.

रंगांचंही पाहा. मोतीबिंदू वाढत असताना डोळ्याचं भिंग पिवळसर होतं. पांढऱ्यावरचा पिवळा आणि फिका निळा-करडा रंग त्यामुळे पुसट होतो. नेमक्या याच रंगांत हल्लीचे ‘सुबक’ प्लॅन येतात. काळ्या जाड भिंती, मोठी मराठी अक्षरं, फर्निचर वेगळ्या कागदावर, असं सांगून करून घ्या. चकचकीत कागद नको, दिव्याची तिरीप येते. आणि दाखवायचं ते दिवसा, खिडकीपाशी. संध्याकाळी सातच्या सभेत ट्यूबलाइटखाली, पन्नास माणसांत, कुणालाही काही दिसत नाही.

प्लॅनवर दाखवलेला फ्लॅट आणि आमचा फ्लॅट उलटा आहे म्हणतात. म्हणजे?

एका मजल्यावर समोरासमोरचे दोन फ्लॅट बऱ्याचदा आरशातल्या प्रतिबिंबासारखे असतात. माहितीपत्रकात एकच छापतात आणि दुसऱ्याला ‘मिरर’ म्हणून मोकळे होतात. आरशातलं घर मनात उलटवणं अवघड काम आहे, ते ज्येष्ठांवर टाकू नका. तुमच्या फ्लॅटचाच नकाशा, अक्षरं सुलटी ठेवून, छापून मागा. स्वयंपाकघर डाव्या हाताला की उजव्या, यावरून पुढे घराघरांत वाद झालेले पाहिले आहेत.

खोली मोठी की लहान, हे त्यांना नीट कळावं म्हणून काय करता येईल?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. नवा नकाशा दाखवण्याआधी जुन्या घराचा नकाशा काढा. त्याच प्रमाणात, तशाच कागदावर.

एका दुपारी टेप घेऊन बाबांनाच सोबत घ्या. हॉल, खोल्या, ओट्यासमोरची मोकळी जागा, पलंग आणि भिंत यांतलं अंतर, बाथरूमचं दार. आकडे त्यांना लिहू द्या. ज्या घरात चाळीस वर्षं वावरले त्याचा कागद समोर आला की रेघा आणि जागा यांचं नातं आपोआप लागतं: ‘ही आपली मधली भिंत, इथे तुझी आजी बसायची.’ मग शेजारी नवा नकाशा ठेवा. आता ‘११ फूट’ हा नुसता आकडा राहत नाही, ‘आपल्या हॉलपेक्षा हातभर जास्त’ असा अर्थ त्याला येतो.

पुढची पायरी पुठ्ठ्याची. घरातलं जे सामान खरोखर सोबत जाणार आहे तेवढ्याचेच तुकडे १:२५ प्रमाणात कापा. सहा बाय साडेसहाचा पलंग म्हणजे सुमारे सव्वासात बाय आठ सेंटिमीटर, तीन फुटी लोखंडी कपाट म्हणजे साडेतीन-पावणेचार सेंटिमीटर लांब आणि दोन रुंद. प्रत्येकावर नाव लिहा: आईचं कपाट, शिवणयंत्र, डबल बेड. नकाशावर ते त्यांना सरकवू द्या. कपाटाचं दार उघडल्यावर पलंगाला आपटतं हे अशा वेळी तुम्ही काही न बोलता बाहेर येतं. पलंगाच्या निदान एका बाजूला अडीच-तीन फूट मोकळे राहतात का तेही कळतं. आधार धरून उठणाऱ्या माणसाला ते लागतातच. हे करताना घाई करू नका आणि तुकडा ‘चुकीच्या’ जागी ठेवला तरी लगेच उचलू नका. तिथेच का ठेवला, हे विचारा.

गच्चीवर खडूने खरं माप आखून दाखवलं तर?

फार चांगलं. दोरी, खडू किंवा फक्की, कोपऱ्यांना विटा. दाराच्या जागा मोकळ्या सोडा आणि पलंगाच्या जागी चादर अंथरा. एक आधीच सांगून ठेवा: उघड्यावर आखलेली खोली नेहमी लहान दिसते. प्लॉटवर पायाची आखणी होते तेव्हा प्रत्येक घरमालक ‘एवढीशी?’ म्हणतो, आणि भिंती चढल्यावर तीच खोली बरी वाटते. म्हणून शेजारीच सध्याची खोलीही आखा. ज्यांना गच्चीपर्यंत जाता येत नाही त्यांच्यासाठी पार्किंगमध्ये आखा.

बाथरूममध्ये नकाशावर काय तपासायचं?

आधी दार. नकाशात ७५० लिहिलं असेल तर अडीच फूट मिळतील असं वाटतं. लाकडी चौकट दोन्ही बाजूंनी मिळून पाच इंच खाते, उघडलेल्या दाराची जाडी आणखी इंचभर, आणि हाती दोन फूटही राहत नाहीत. चाकांची खुर्ची त्यातून जात नाही, वॉकर तिरका करावा लागतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेत चाकांच्या खुर्चीसाठी दाराची ९०० मिमी मोकळी रुंदी धरली आहे. ‘आम्हाला कुठे लागते खुर्ची’ असं म्हणणाऱ्यांनी खुबा किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे दोन महिने डोळ्यासमोर आणावेत.

मग दार कुठे उघडतं ते. आत उघडणारं दार, आणि आत माणूस पडला, की दार त्याच्या अंगावरच अडतं. बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घ्या. नकाशात ही एक कमान उलटी काढायची असते, बांधकाम झाल्यावर मात्र चौकट उपटावी लागते. त्यानंतर कमोडच्या शेजारी आधाराची दांडी बसेल अशी भक्कम भिंत आहे का, आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत किती वळणं आहेत.

व्हीआरचा (आपण घरात उभे आहोत असा भास देणारा) चष्मा लावून घर दाखवतात. वयस्कर माणसांना चालेल?

ज्यांना चक्कर येते, मानेचा त्रास आहे, त्यांना नको. बाकीच्यांनी खुर्चीत बसूनच, दोन मिनिटं. त्यापेक्षा तीच दृश्यं टीव्हीवर लावा आणि रिमोट त्यांच्या हातात द्या, म्हणजे थांबवता येतं. चालत्या व्हिडिओत हॉल संपायच्या आत बेडरूम येते.

सासूबाईंचा पहिला प्रश्न असतो, देवघर कुठे आणि पूर्व कुठली. हसू येतं, पण...

हसू नका. दिशेवरून घर लावून पाहणं हा नकाशा वाचण्याचा उत्तम रस्ता आहे. नकाशातला उत्तरेचा बाण दरवेळी वरच असतो असं नाही, हे अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसतं. कागद टेबलावर ठेवा आणि बाण खऱ्या उत्तरेकडे येईल असा फिरवा. मग सकाळचं ऊन कुठून, पावसाची झड कुठून, दक्षिणेला पाय न करता पलंग कसा लागेल, हे सगळं त्या स्वतःच सांगतील. पलंगाची जागा बदलली की दिव्याची बटणं आणि एसीचा पॉइंटही बदलतो, म्हणून हा प्रश्न विजेच्या नकाशाआधी सुटलेला बरा.

‘आमचं काय आता, तुम्हाला राहायचंय, तुम्हीच ठरवा’ म्हणतात. पुढे बोलतच नाहीत.

हे उत्तर ‘नकाशा कसा वाटला?’ या प्रश्नाला मिळतं, कारण त्या प्रश्नात परीक्षेचा वास असतो. नकाशाबद्दल विचारूच नका. दिवसाबद्दल विचारा. सकाळी उठल्यावर पहिलं कुठे जाता? पेपर कुठे वाचता? दुपारी आडवं होताना टीव्हीचा आवाज चालतो का? दूधवाला आला की दार कोण उघडतं? प्रत्येक उत्तर नकाशावर बोट फिरवून दाखवा. आणि हे मुलांच्या, सुनांच्या, बिल्डरच्या माणसाच्या समोर नको. चारचौघांत ‘कळलं नाही’ म्हणायला त्या पिढीला फार जड जातं, विशेषतः पुरुषांना.

वडिलांना विस्मरणाचा त्रास आहे. त्यांना समजवावं का?

कागदाने थकवू नका. नव्या घरात पलंगावरून बाथरूमचं दार सरळ दिसेल आणि त्यांचं जुनं सामान जुन्याच क्रमाने लागेल, एवढं तुम्ही नकाशावर साधा.

सहीआधी कोणते कागद हवेत?

चित्रांचं पुस्तक नको, तुमच्या फ्लॅटचा मापांसह नकाशा हवा, आणि तो तुमच्या पर्यायी जागेच्या (जुन्या घराच्या बदल्यात मिळणाऱ्या नव्या घराच्या) कराराला जोडलेला, दोन्ही बाजूंच्या सह्यांसह हवा. दाराची दिशा, बाथरूमची पातळी, खिडक्यांची मापं त्यातच लिहून घ्या. तोंडी आश्वासनं देणारा माणूस पझेशनच्या दिवशी बहुधा बदललेला असतो. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या पुनर्विकासाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मंजूर नकाशे सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे असतात आणि सभासदाने मागितली तर शुल्क घेऊन प्रत द्यावी लागते. करारातला नकाशा आणि मंजूर नकाशा शेजारी ठेवून तपासा. बाहेरून फ्लॅट विकत घेणाऱ्यांसाठी आणखी एक आधार आहे: जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर रेराच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते.

मोठ्या अक्षरांचा वेगळा नकाशा मागितला तर आर्किटेक्ट जादा पैसे घेतो का?

छपाईचे घेईल, ए३ ला फारसे लागत नाहीत. एकट्याने मागण्यापेक्षा कमिटीकडून पत्र द्या आणि सगळ्या ज्येष्ठ सभासदांचे एकदम काढून घ्या. मसुद्याच्या टप्प्यावरच मागा. महापालिकेत फाइल गेल्यावर नकाशा वाचता येतो, बदलता येईलच असं नाही.